डबा बदलल्यावर

मनीषनगर, नागपूर
१० नोव्हेंबर

आईस,
जयभीम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. अंकुशदादाच्या मोबाइलवर मेसेज टाकता आला असता, पण तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो. कामठीत आपल्याकडे पोस्टमन दुपारी येतो. तेव्हा दादा दुकानात असतो आणि मेघावहिनी झोपलेली असते. पत्र तुझ्याच हातात पडेल.

काम एकच आहे, ते आधी लिहिते.

दादाचा गोलू लहान असताना वहिनीला दूध पुरत नव्हतं, तेव्हा तू त्याला डब्याचं दूध पाजायचीस. मध्ये एकदा डबा बदलला होता. नवा डबा आणायला मीच गेले होते, म्हणून आठवतं. मला एवढंच विचारायचं आहे, की डबा बदलल्यावर त्याची शी हिरवी झाली होती का. झाली असेल तर किती दिवस राहिली?

ती घरी आली आहे, हे तुला कळलं असेलच. दिवाळीनंतरच्या सोमवारी आणली. पाच महिन्यांची आहे. शिशुगृहातल्या बायकांनी तिचं नाव गोपिका ठेवलं होतं. मी बदललं नाही. निघताना त्यांनी कपड्यांचे दोन जोड, लसीकरणाचं कार्ड, सुती लंगोटांची एक चळत आणि दुधाच्या पावडरचा अर्धा डबा दिला. तो डबा संपला. तीच पावडर मनीषनगरात मिळाली नाही, बेसा रोडवरच्या सगळ्या मेडिकलमध्येही विचारून आले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा डबा आणला.

दुसऱ्याच दिवशी शी हिरवी आली. शिजलेल्या पालकासारखी, आणि वास वेगळा.

बनवण्यात चूक नाही. पाणी उकळून कोमट करते. आधी पाणी मोजते, मग पावडर घालते, चमचा सुरीच्या पाठीने सपाट करते. जुन्या डब्यातला चमचा नव्या डब्याला वापरला नाही. दोन्ही चमच्यांत सारखी पावडर मावत नाही, हे तोलून पाहिलं आहे. तू लोकांना सांगतेस ना, पोरगी काट्याच्या ऑफिसात आहे म्हणून, ते तसं बरोबरच आहे. हिंगण्याला एमआयडीसीत मी लोकांचे वजनकाटे तपासते आणि कोणता काटा किती चुकतो ते लिहून देते. काटा चुकत असला की कारण सापडतं. तळाला धूळ असते, टेबल हलत असतं, कुणीतरी पंखा लावून ठेवलेला असतो. इथे मी सगळं तपासलं आणि काही सापडलं नाही.

मागच्या वेळी आपल्यात जे बोलणं झालं त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही. लग्न का करत नाही याचं कारण मी तेव्हा दिलं नव्हतं आणि आताही देणार नाही. एकाच गोष्टीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तू म्हणालीस, "लोक म्हणतीन, हे इचंच असन. मी काय कागद घेऊन कामठीभर फिरू?" कागद अजून पूर्ण झालेला नाही. कलेक्टर ऑफिसचा आदेश यायचा आहे. तोपर्यंत कायद्याने ती माझ्याकडे फक्त सांभाळायला आहे. म्हणजे आजघडीला तिच्यावर माझा जेवढा हक्क आहे, तेवढाच तुझा नकार आहे. दोन्ही तात्पुरते.

सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवते. उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल.

काजल


मनीषनगर
१३ नोव्हेंबर

आईस,
जयभीम.

उत्तर आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो असं धरून चालते.

हिरवी शी थांबली. चांगली बातमी म्हणून लिहिणार होते, पण तिच्याबरोबर शीच थांबली. आता संध्याकाळ झाली की पाय पोटाशी ओढून घेते, चेहरा लाल होतो, आणि रडते. आधी मोठ्याने रडते, मग आवाज बसतो आणि तसल्या बसल्या आवाजात रडत राहते. मोठ्याने रडते ते परवडतं.

डॉक्टरांकडे जाऊन आले. माझ्याच वयाचे आहेत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तिला हसवलं. माझ्याकडे आल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"पोट मऊ आहे," म्हणाले. "दूध पिते, लघवी होते, खेळते. दूध बदललं की होतं असं. कुणाला पातळ, कुणाला कडक, कुणाला गॅस. आतड्याला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात."

मी विचारलं, "मग यात करायचं काय?"

"काही नाही. आता घाबरून पुन्हा डबा बदलू नका."

"आणि शी नाही झाली तर?"

"होईल."

"कधी?"

"मॅडम, ते तिच्या हातात आहे."

रक्त दिसलं, हिरवी उलटी झाली, ताप आला, पोट टणक झालं किंवा दूध सोडलं तर लगेच या, म्हणाले. हे मला समजलं. यातलं काहीही झालं तर काय करायचं ते मला माहीत आहे. यातलं काही होत नाही तोपर्यंत काय करायचं, ते माहीत नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये कौसल्याकाकू राहतात. मूळच्या काटोलच्या, भावाची संत्र्याची बाग आहे. रडणं ऐकून आल्या त्या परातभर संत्री घेऊनच.

"अवं, संत्र्याच्या गावात रायते अन् लेकराले संत्रं दाखवत नाहीस? दोन चमचे रस दे, पाहाय कशी धडाधड होते."

"काकू, सहा महिन्यांच्या आधी दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणाले डॉक्टर."

"डॉक्टर कुठचा हाय?"

"पुण्याचा."

"मंग त्याले काय समजते संत्र्यातलं."

त्यांचा दुसरा उपाय म्हणजे विड्याच्या पानाचा देठ एरंडीच्या तेलात बुडवून लावायचा. "तुया मायनं तुलेबी लावला असन," म्हणाल्या. मी म्हटलं, विचारते. म्हणून विचारते. गोलूला तू देठ लावायचीस हे मी दारातून पाहिलेलं आहे. त्याने खरंच होते का, की ती व्हायचीच असते आणि देठाचं नाव होतं? डॉक्टरांनी तेही नको म्हटलं.

जाताना काकूंनी नवरा कुठे असतो ते विचारलं. नवरा नाही, म्हटलं. त्यांनी लेकराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नाक माझ्यावर गेलं आहे असं सांगून टाकलं. मी दुरुस्ती केली नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं. मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, पोटाशी तिचा संबंध नसेल. दूध पिताना ती माझ्याकडे बघत नाही. मांडीवर घेतलं की मान वळवते आणि भिंतीकडे बघत पिते. मी जागा बदलून पाहिली. खुर्चीत बसले, जमिनीवर बसले, दिवा दुसऱ्या बाजूला ठेवला. ती दुसरी भिंत शोधते. गोलू पिताना तुझ्या मंगळसूत्राशी खेळायचा. सगळी लेकरं तसं करतात असं मी समजत होते.

काजल


मनीषनगर
१५ नोव्हेंबर

आईस,
जयभीम.

मी ठरवलं की जुनाच डबा शोधायचा. डॉक्टर पुन्हा बदलू नका म्हणाले होते, पण मूळ दूध परत देणं म्हणजे बदलणं नव्हे, असा मी अर्थ काढला. काट्याचं काम करताना पहिली गोष्ट ही असते, की आधी तो कसा होता हे माहीत हवं. ते कळलं की पुढचं सगळं जमतं. म्हणून सकाळी तिला घेऊन शिशुगृहात गेले.

तिथे शोभाताई म्हणून बाई आहेत. गोपिकाचं नाव त्यांनीच ठेवलं. त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं, वास घेतला, म्हणाल्या, "साबण बदलला वाटते." मग मी दूध विचारलं.

"कोणचं देत होतो म्हणजे?" त्या म्हणाल्या. "जे येईन ते."

मला वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. मी रिकामा डबा पिशवीतून काढून दाखवला. हाच ना?

"हा तुमाले द्यायच्या दिवशी फोडला होता. त्याच्या आधी दुसरा होता, निळ्या झाकनाचा. लोकं आनून देतात ना मॅडम. कोणाचा वाढदिवस असते, कोणाची पुण्यतिथी असते. कोणी हा आनते, कोणी तो. आपन थोडी त्यायले सांगतो, हाच आना म्हनून."

त्यांनी कपाट उघडून दाखवलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे, लहान-मोठे, काहींवर देणाऱ्यांची नावं चिकटवलेली. एकावर "कै. मार्तंडराव यांच्या स्मरणार्थ" असं होतं. खालच्या फळीवर स्टीलचा, उभ्या पातेल्यासारखा मोठा गंज आणि त्यात एकच चमचा. कोणत्याही डब्यातली पावडर त्याच चमच्याने गंजात घालायची, पाणी ओतायचं, घुसळायचं आणि बाटल्या भरायच्या. पावडर कमी असली तर दोन डबे एकत्र.

मी विचारलं, "मग हिला त्रास नाही झाला कधी?"

"होत असन. बावीस लेकरं हायेत मॅडम, अन् आमी चार बाया. कोणाची हिरवी, कोणाची पिवळी, कोन याद ठेवते? झाली की धुतली."

त्यांनी हे काही लपवून सांगितलं नाही, आणि मला त्यांना दोषही देता आला नाही. रिकामा डबा मी पुन्हा पिशवीत टाकला. मूळ दूध असं काही नव्हतंच, मग परत जायचं कुठे?

निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, ही पिताना भिंतीकडे का बघते?

"भिंतीकून पाळणा होता तिचा," शोभाताई म्हणाल्या. "एकेकाले मांडीवर घेऊन पाजायले टाइम कुठं रायते? बाटली उशीले टेकवून देतो. ज्याचं तो पेते. हे पोरगी लय शानी, बाटली सुटली तरी रडत नव्हती. वाट पाहात पडून राये."

परतीच्या ऑटोत ती झोपली. दुपारी खूप जोर करून दोनच लेंड्या झाल्या, बकरीसारख्या, खड्यासारख्या कडक. नव्या डब्याचंच दूध चालू ठेवलं आहे. पर्याय नाही.

पाच महिन्यांच्या लेकराने शहाणं असू नये, असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते माहीत नाही.

काजल


मनीषनगर
१७ नोव्हेंबर

आई,

आज पुन्हा दोन लेंड्या. एकीवर रक्ताची रेघ होती.

डॉक्टरांकडे नेलं. कडक शीने कातडीला चीर गेली आहे, आत काही नाही, म्हणाले. लावायला मलम दिलं. शुक्रवारपर्यंत मोकळी झाली नाही तर औषध देऊ, तोवर थांबा. हा माणूस दर वेळी मला थांबा म्हणतो आणि दर वेळी बरोबर असतो.

पाय सायकलसारखे फिरवते. पोटावर कोमट तेल लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चोळते. ढेकर काढते. हे सगळं चित्रं बघून शिकले आहे. चित्रातलं लेकरू हसत असतं.

काल पानठेल्यावर गेले आणि एक साधं पान घेतलं, नुसतं, चुना-कात न लावता. ठेलेवाला म्हणाला, ताई, रिकाम्या पानाचं काय करता, पूजा आहे काय? घरी येऊन देठ तोडला, एरंडेल ओतलं. तिला पालथं घेतलं. तिने मान वळवून पाहिलं, मी काय करते ते. भिंतीकडे नाही, माझ्याकडेच. मग मला ते जमलं नाही. देठ फेकून दिला, पान मीच खाल्लं.

तुझा फोन लावला होता. तीनदा वाजला आणि कट झाला. आपोआप वाजून थांबतो तेव्हा वेगळा आवाज येतो, कट केला की वेगळा. मला दोन्ही ओळखू येतात.

एवढं रागवायला तुला जे कारण आहे ते मला मान्य नाही. आपल्या घरात कुणाची जात विचारत नाहीत, तूच शिकवलं. शाळेत मला कुणी विचारली होती तेव्हा तू कशी गेली होतीस हेडमास्तरांकडे, चपला न घालता. म्हणून तू जेव्हा "कोनाचं रक्त हाय, काय मालूम" असं म्हणालीस, तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण मला वाटलं हे दुसरंच कुणीतरी बोलतंय. पण हा वाद नंतर घालू. मी माघार घेणार नाही, तूही घेऊ नको. आत्ता विषय वेगळा आहे.

कामठीहून शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौकात उतरायचं. तिथून मेट्रो, नारिंगी लाइन, खापरीकडे जाणारी. बदलावी लागत नाही. उज्ज्वलनगरला उतरायचं, जिना टाळायचा असेल तर लिफ्ट आहे. खाली ऑटोवाल्याला मनीषनगर, पाण्याच्या टाकीजवळ असं सांगायचं. आमच्या इमारतीच्या गेटवर देवाजी म्हणून वॉचमन आहेत. तिसरा मजला, लिफ्टसमोरचा दरवाजा.

हे फक्त माहिती म्हणून लिहिते.

काजल


मनीषनगर
२४ नोव्हेंबर

आई,

शुक्रवारी सकाळी झाली.

त्याच दिवशी लिहिणार होते. पण एकदा झाली म्हणजे सुरळीत झाली असं म्हणता येत नाही, म्हणून थांबले. त्यानंतर रोज होते आहे. आधी मऊ, चिकट, हिरवट पिवळी. आता पिवळी. वजन थोडं वाढलं आहे. चीर भरत आली आहे, असं डॉक्टर म्हणाले. औषध द्यावं लागलं नाही.

का झाली, ते मात्र सांगता येणार नाही. मला सांगितलेलं सगळं मी नीट करत होते आणि डॉक्टरांनी दिलेली मुदतही भरत आली होती, म्हणून माझी समजूत होती की आतड्याला सवय झाली. मग कौसल्याकाकू आल्या.

"पाह्यलं? काटोलचं संत्रं हाय ते."

गुरुवारी संध्याकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा लेकरू त्यांच्याकडे होतं. तेवढ्यात त्यांनी दोन चमचे रस पाजला होता. मी त्यांना बोलले. गरजेपेक्षा जास्त बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रागावू नको वं. तू दाराच्या आत रडते अन् ते तिकडं रडते, मले पाहावत नव्हतं." मी रडत होते हे मला माहीत नव्हतं. ऐकू जात असेल हे तर नाहीच.

आता हे कधीच कळायचं नाही. दूध सवयीचं झालं म्हणून, की रसाने, की नुसती वेळ झाली म्हणून. हिंगण्याला असा अहवाल मी दिला तर साहेब परत पाठवतील. इथे सही करून टाकली आहे.

खरं लिहायचं ते हे पुढचं आहे.

शुक्रवारी तिला धुऊन-पुसून, रात्रीचा डायपर कचऱ्याच्या पिशवीत बांधून मी खाली टाकायला गेले. गेटवर देवाजींनी थांबवलं. त्यांना लवकर बोलता येत नाही, आधी टोपी काढतात.

"म्याडम, काल दुपारी एक बाई आल्या होत्या. तुमच्याच नावानं इचारत होत्या. वर जा म्हटलं, लिफ्ट चालू हाय, तं नाही म्हनाल्या."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. कामठीवरून आली म्हने, मेट्रोनं."

मी विचारलं, चष्म्याला दोरी बांधलेली होती का.

"होती. पांढरी."

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्यांनी तुला खुर्ची दिली, पाणी दिलं. तू खुर्चीत बसून वर पाहत होतीस. तिसऱ्या मजल्याची बाल्कनी गेटकडून अर्धीच दिसते. त्या अर्ध्यात तिचे लंगोट वाळत होते. तू ते मोजलेस. मोजून देवाजींना म्हणालीस, "बरेच हायेत. म्हनजे लघवी होऊन राह्यली. पानी बरोबर हाय." आणि थोड्या वेळाने विचारलंस, "पन लेकराले शी झाली का?"

"मी म्हटलं, बाई, मले काय मालूम," देवाजी म्हणाले. "इतकी वर्सं झाली वाचमनकी करून राह्यलो म्याडम. पानी आलं का, लाइन गेली का, पार्सल आलं का, सगळं इचारतात लोकं. हे पयल्यांदा."

मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी होते. तू विचारलंस तेव्हा झालेली नव्हती. आता उत्तर माझ्या हातात होतं, गाठ मारून, आणि विचारणारी कामठीला पोचलेली होती.

तुझ्याजवळ एक कापडी पिशवी होती, असं ते म्हणाले. "ठेवून जा म्हटलं, मी देतो म्याडमले. तं घट्ट धरली अन् चालल्या गेल्या." पिशवीत काय होतं ते त्यांना दिसलं नाही. मी पुन्हा विचारलं. वरून जुन्या लुगड्यासारखं काहीतरी दिसत होतं, पण नक्की सांगता येत नाही, म्हणाले. मी त्यांना नक्की सांगा असं म्हणायला नको होतं. ते बिचारे ओशाळले.

मी त्या वेळी घरातच होते. तिला मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसले होते, कारण तिथली भिंत तिला आवडते. बेल वाजली असती तर ऐकू आली असती.

वर येऊन फोन लावला. वाजून वाजून आपोआप थांबला. कट झाला नाही. याची मी नोंद घेतली, अर्थ लावला नाही. दुपारी परत लावला तर वहिनीने घेतला. "आई जरा पडल्या हायेत," म्हणाली, "काही सांगू काय?" मी म्हटलं, काही नाही. तिच्याजवळ काय सांगणार होते? सासूबाईंना सांग, शी झाली? आणि ती विचारेल, कोणाची? तू घरात कुणाला न सांगता आली असशील. ते मी उघडं करणार नाही.

तू पुन्हा येशील का, मला माहीत नाही. आलीस तर वर येशील का, तेही माहीत नाही. मी येऊन तुला घेऊन जाते असं लिहिलं तर तू दोन वर्षं या रस्त्याला फिरकणार नाहीस, एवढं मात्र माहीत आहे. तू मला जेवढी ओळखतेस तेवढी मीही तुला ओळखते. म्हणून येत नाही, बोलावत नाही.

जे करता येण्यासारखं होतं ते केलं. रोज सकाळी कचरा टाकायला जाते तेव्हा देवाजींना सांगते. झाली की झाली, नाही तर नाही, आणि कशी, तेही. पहिल्या दिवशी ते खाली बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "म्याडम, रंगबी सांगून ठेवा, इचारतीन त्या." आज मी काही बोलायच्या आधीच त्यांनी टोपी काढून विचारलं, "झाली ना?" दुधाच्या गाडीवाला तिथेच होता, तो हसला. मी या इमारतीत इतके दिवस कुणाला माझं पूर्ण नावही सांगितलं नव्हतं.

आज झाली. पिवळी, मऊ, एकदाच. देवाजींना सांगून ठेवलं आहे. संध्याकाळी त्यांच्या बदली येतो तो मुलगा नवीन आहे, त्याला विचारू नको.

ती अजून भिंतीकडे बघूनच पिते. मध्ये एकदा थांबून माझ्याकडे बघते, बाटली कुणी धरली आहे ते पाहिल्यासारखं, आणि परत वळते.

लंगोट आता सगळे रस्त्याच्या बाजूच्या दांडीवर घालते. ऊन तिकडे कमी येतं, वाळायला वेळ लागतो. पण गेटवरून सगळे मोजता येतात, मी खाली जाऊन पाहिलं.

काजल